उताराला न्यूट्रल

समोरून येणाऱ्या गाडीने डिपर मारला, म्हणजे हेडलाइटची उघडझाप केली, की पुढे आरटीओ किंवा पोलीस उभे आहेत, हे आमच्या लाइनमध्ये शिकवावं लागत नाही. ड्रायव्हरने ड्रायव्हरला सांभाळायचं, असा रिवाज आहे. त्या दिवशी मात्र मी डिपरही मारला आणि पोलिसांना फोनही करायला लावला.

साताऱ्याहून माल भरून चाकणला निघालो होतो. कात्रजचा नवीन बोगदा संपला की नवले पुलापर्यंत सलग उतार. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये याच उतारावर एका अवजड गाडीने कितीतरी वाहनं चेपली होती. तेव्हापासून बोगद्यातून बाहेर पडलो की माझा हात आपोआप गिअरवर जातो. ज्या गिअरमध्ये चढ चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे मला वस्तादाने शिकवलं होतं.

पुढे एक बारा चाकी चालली होती. ब्रेक लाइट लागलेली ती विझेचना, तरी गाडीचा वेग वाढतच होता आणि इंजिनाचा दम असा ऐकूच येत नव्हता. न्यूट्रल! म्हणजे गिअर काढलेला, सगळा भार ब्रेकवर. दरी पूल ओलांडला आणि ब्रेकच्या जळक्या लायनरचा वास केबिनमध्ये आला.

क्लीनरला म्हटलं, ११२ लाव. पोरगं हुशार. "घाटात गाडी आहे" असं मोघम नाही बोललं. साताऱ्याकडून पुण्याकडे, दरी पूल सोडलाय, गाडीचा रंग, नंबर, ब्रेक तापलेत, पुढे नवले पूल, असं सगळं एका दमात सांगितलं. नाहीतर पोलीस समोरच्या लेनने येतात आणि डिव्हायडरपलीकडून बघत बसतात. मी अंतर ठेवलं, चारही इंडिकेटर लावले, म्हणजे मधे कारवाले घुसू नयेत, आणि हॉर्न व डिपर चालू ठेवला.

कसा कोण जाणे, त्याने आरशात बघितलं. डावीकडे घेत घेत, स्वामीनारायण मंदिराच्या अलीकडे कडेला लावली. चाकांतून धूर निघत होता. आम्ही धावत जाऊन चाकांना दगड लावले. तो बाटली घेऊन उतरला, त्याला अडवलं. ब्रेकच्या तापलेल्या ड्रमवर पाणी मारलं तर ड्रम तडकतो.

कोल्हापूरकडचा पोरगा होता. पोलिसांची गाडी दिसली तसा माझ्यावरच उखडला. "काय वो मामा, तुमीच बोलवलं व्हय? आपल्यातलंच असून?"

मी म्हटलं, "खाली सिग्नलला शाळेची बस असती तर?"

तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "मालक फेरीला मोजून डिझेल देतो. वाचलं ते आपलं."

खरं दुखणं हे आहे. न्यूट्रल करू नका म्हणून पोलिसांनी कितीही फलक लावले तरी मोजून दिलेलं डिझेल त्यांच्यावर मात करतं. वर गंमत अशी, की आताच्या गाड्या गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की डिझेल जवळजवळ बंदच करतात. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला जळतंच. आणि इंजिनच बंद केलं तर ज्या हवेवर आमचे ब्रेक चालतात, ती भरायचीही थांबते. हे त्याला सांगितलं तेव्हा त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच मालकाचा माणूस.

हवालदारांनी चलन केलं, पण ओरडले नाहीत. मेकॅनिक येऊन ब्रेक तपासल्याशिवाय गाडी हलवायची नाही, एवढं बजावलं. माझा फोन नंबर घेतला, मीही दिला. पूर्वी नसता दिला. आता अपघातातल्या जखमीला मदत करणाऱ्याला नाव सांगायचीही सक्ती करता येत नाही, २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात तसं आलंय. इथे जखमी कुणी नव्हतं, पण पोलीस म्हटलं की पळायचं ही माझी सवय तेवढ्याने सुटली.

निघताना त्या पोराला सांगितलं, गाडी हलवलीस की दगड उचल. दगड रस्त्यात सोडून जातात आणि रात्री मोटरसायकलवाला त्यावर आपटतो. "उचलतो वो," म्हणाला, थोडा वैतागूनच.

चाकणला पोचलो तर माझा माल खाली करायचा नंबर गेला होता. सुपरवायझरने कारण विचारलं. सांगितलं. त्याने वहीत "ट्रॅफिक" लिहिलं आणि मला रांगेत शेवटी लावलं.