मॅक अँड चीज, कॉर्नब्रेड आणि सोमवारचा राजमा

भारतात गेलं की एक प्रश्न हमखास येतो, "तिकडे अमेरिकेत लोक घरी खातात तरी काय, रोज बर्गर-पिझ्झाच का?" आणि मला दरवेळी वाटतं की ह्यांना पाटावर बसवावं आणि इथलं घरचं जेवण खाऊ घालावं. इथे ज्याला कम्फर्ट फूड म्हणतात ना, ते आजारपणात, बर्फ पडत असताना, किंवा एखाद्याच्या घरी कुणी वारलं की शेजारपाजारचे झाकून घेऊन येतात ते जेवण. त्यातले बरेचसे पदार्थ कुणाच्या तरी टंचाईतून नाहीतर कुणाच्या तरी सक्तीच्या कष्टातून आलेत, आणि ज्यांच्या हातून ते घडले त्यांची नावं पाकिटावर कुठेच नसतात. मला ही माणसं माहीत असावीत असं फार वाटतं, म्हणून रेसिपीबरोबर तेही लिहिणार आहे. मी नॉर्थ कॅरोलिनात राहते त्यामुळे माझी निवड दक्षिणेकडची आहे, ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडवाल्यांची यादी वेगळी निघेल.

सुरुवात मॅक अँड चीजपासून, म्हणजे चीजच्या सॉसमधली मॅकरोनी, कारण पोरांना दुसरं काही दिसतच नाही.

सगळीकडे लिहिलेलं असतं की पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसनने हा पदार्थ अमेरिकेत आणला. जेफरसन स्वयंपाक करत नव्हता हो! 1784 मध्ये तो पॅरिसला गेला तेव्हा त्याने स्वतःबरोबर जेम्स हेमिंग्ज ह्या एकोणीस वर्षांच्या मुलाला नेलं. हेमिंग्ज त्याचा गुलाम होता, आणि नात्याने जेफरसनच्या बायकोचा सावत्र भाऊ, म्हणजे बाप एकच पण आई गुलाम म्हणून हाही गुलाम. पॅरिसमध्ये तो रीतसर फ्रेंच स्वयंपाक शिकला आणि जेफरसनच्या तिथल्या घराचा मुख्य शेफ झाला. फ्रान्समध्ये कोर्टात जाऊन स्वातंत्र्य मागता आलं असतं, पण तो परत आला. 1793 मध्ये जेफरसनने लिहून दिलं की दुसऱ्या कुणाला तरी हे सगळं शिकव, मग तुला सोडतो. त्याने आपल्या भावाला, पीटरला, शिकवलं आणि 1796 मध्ये तो मोकळा झाला. जायच्या आधी त्याने मॉन्टिसेलोच्या, म्हणजे जेफरसनच्या व्हर्जिनियातल्या घराच्या, स्वयंपाकघरातल्या भांड्याकुंड्यांची यादी स्वतःच्या हाताने लिहून ठेवली, ती अजून जपलेली आहे, नीटनेटक्या अक्षरात एकेक पातेलं मोजलेलं. मी तिचा फोटो पाहिला तेव्हा बराच वेळ नुसती बघत राहिले. पुढे पाचच वर्षांत, 1801 मध्ये, त्याने आत्महत्या केली, वय जेमतेम छत्तीस.

1802 च्या फेब्रुवारीत जेफरसन राष्ट्राध्यक्ष असताना त्याच्याकडे जेवायला गेलेल्या मनॅसे कटलर नावाच्या पाद्री-खासदाराने डायरीत लिहून ठेवलंय की मॅकरोनी नावाचा एक पाय (pie, पिठाच्या कवचात भाजलेला पदार्थ) होता, मला वाटलं आत कांदे आहेत, चव उग्र आणि अजिबात आवडली नाही. आत कांदे नव्हतेच, तो इटालियन पदार्थ आहे हे त्याला टेबलावर समजावलं मेरिवेदर लुईसने, तोच जो पुढे क्लार्कबरोबर पॅसिफिकपर्यंत गेला. मग 1824 मध्ये मेरी रँडॉल्फ ह्या व्हर्जिनियाच्या बाईंच्या पुस्तकात मॅकरोनी, चीज आणि बटरचे थर लावून भाजायची कृती छापून आली आणि पदार्थ घरोघरी पोचला. पण मोठ्या घरांच्या त्या स्वयंपाकघरांत चुलीपुढे उभ्या असायच्या गुलाम बायकाच, त्यामुळे आज कृष्णवर्णीय कुटुंबांमध्ये बेक केलेलं मॅक अँड चीज म्हणजे रविवारचं आणि थँक्सगिव्हिंगचं मानाचं पान, ते कुणी करायचं हे ठरलेलं असतं, उगाच कुणीही करून आणायचं नाही.

दुकानात मिळणारा तयार मॅक अँड चीजचा डबा खूप नंतरचा. क्राफ्ट कंपनीने तो 1937 मध्ये काढला, मंदीचे दिवस, 19 सेंटमध्ये चार माणसांचं जेवण, आणि महायुद्धात एका रेशन पॉइंटला दोन डबे मिळायचे म्हणून तो घराघरात घुसला. नंतर 1981 मध्ये सरकारने गोदामांत साठलेलं चीज गरीब कुटुंबांना वाटायला काढलं, पाच-पाच पौंडांच्या पिवळ्या-केशरी विटा. त्यावर वाढलेल्या लोकांशी बोललात तर ते सांगतील की लाज वाटायची, पण तसं वितळणारं चीज परत मिळालं नाही.

आणि वितळण्यातच सगळी गंमत आहे. जुनं मुरलेलं चेडार चवीला एक नंबर, पण जास्त तापलं की त्यातलं प्रोटीन आवळतं, तूप बाहेर सुटतं आणि खाली रवाळ चोथा राहतो. म्हणून आधी मैद्याचा व्हाइट सॉस करायचा, मैद्यातला स्टार्च मध्ये राहून चीजला फाटू देत नाही. मी पाव किलो मॅकरोनीला 3 टेबलस्पून बटर, 3 टेबलस्पून मैदा, अडीच कप कोमट दूध आणि 250 ग्रॅम चीज घेते. बटरवर मैदा मंद आचेवर दोन मिनिटं परता, कच्चा वास गेला पाहिजे पण रंग बदलता कामा नये, मग दूध थोडं थोडं घालत हलवत राहा, डावाला सॉस चिकटायला लागला की गॅस बंद. बंद करून मगच चीज घालायचं, हे महत्त्वाचं! अर्धा चमचा मोहरीची पूड, मिरपूड, किंचित जायफळ. मॅकरोनी पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा दोन मिनिटं कमी उकडा कारण ती ओव्हनमध्ये अजून शिजणार आहे. सगळं एकत्र करून वर थोडं चीज आणि बटरमध्ये परतलेला ब्रेडचा चुरा, 180 डिग्रीला वीस-पंचवीस मिनिटं, कडेने बुडबुडे येईपर्यंत. चीज घरीच किसा, तयार किसलेल्या चीजला ते चिकटू नये म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेलं असतं, सॉस हवा तसा गुळगुळीत होत नाही. भारतात असाल तर अमूलचं प्रोसेस्ड चीज चालेल, त्यात इमल्सिफायिंग सॉल्ट असतात त्यामुळे ते फाटत नाही, फक्त वरून मीठ घालताना हात आखडा, आणि चवीला धार यावी म्हणून मोहरी जरा वाढवा.

ग्रिल्ड चीज सँडविच आणि टोमॅटो सूप ही जोडी थोडक्यात सांगते. ब्रेड कापायचं मशीन 1928 मध्ये मिसुरीतल्या चिलिकॉथी गावात पहिल्यांदा धंद्यात वापरलं गेलं, कॅम्पबेलचं कंडेन्स्ड सूप 1897 पासून होतं, प्रोसेस्ड चीजचं क्राफ्टचं पेटंट 1916 चं. तिन्ही स्वस्त वस्तू एकत्र आल्या आणि शाळांच्या कँटीनपासून घरापर्यंत सगळीकडे हेच. ब्रेडला बाहेरून बटरऐवजी मेयॉनीज लावा, मंद आचेवर झाकण ठेवून भाजा, रंग एकसारखा येतो. बास.

कॉर्नब्रेडवर मात्र मला थांबायचंय. मका इथला, तो कसा खायचा हे इथल्या मूळनिवासी लोकांना पक्कं माहीत होतं, ते मका राखेच्या किंवा चुन्याच्या पाण्यात शिजवायचे. त्यामुळे मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व मोकळं होऊन अंगी लागतं. नंतर आलेल्यांनी मका घेतला, चुना घेतलाच नाही, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिणेतले गरीब लोक मक्याचं पीठ, डुकराची चरबी आणि काकवी एवढ्यावर दिवस काढायला लागले तेव्हा पेलाग्राची साथ आली, कातडी सोलवटायची, जुलाब, शेवटी बुद्धिभ्रंश. सगळ्यांना वाटत होतं संसर्ग आहे. जोसेफ गोल्डबर्गर ह्या सरकारी डॉक्टरने 1914 पासून पुढे हे प्रकरण हातात घेतलं आणि खाण्यातली कमतरता आहे हे दाखवून दिलं, लोक ऐकेनात म्हणून रुग्णांचं रक्त स्वतःला टोचून घेतलं. आणि हे आपल्यापासून लांबचं नाही बरं का, आपल्या दख्खनच्या पठारावर निव्वळ ज्वारीवर जगणाऱ्या गरीब माणसांतही पेलाग्रा दिसायचा, हैदराबादच्या संशोधकांनी 1960 च्या सुमारास त्यावर काम केलंय. भाकरीबरोबर डाळ, पालेभाजी, दूध असणं का गरजेचं ते ह्यातून नीट कळतं. इथेही कॉर्नब्रेड सहसा एकटा खात नाहीत, मोहरीच्या किंवा कॉलर्डच्या पाल्याबरोबर खातात आणि पाला शिजवलेलं पाणी, ज्याला पॉट लिकर म्हणतात, त्यात बुडवून.

दक्षिणेच्या कॉर्नब्रेडमध्ये साखर नसते, माझंही तेच मत. दीड कप जाडसर मक्याचं पीठ, अर्धा कप मैदा, एक चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा, मीठ, एक अंडं, सव्वा कप बटरमिल्क, आणि 4 टेबलस्पून बटर. इथलं बटरमिल्क दाट असतं, आपलं ताक चालणार नाही, आंबट दही थोडं पाणी घालून फेटून घ्या. मक्याच्या रोटीचं पीठ फार बारीक असतं, त्याने गच्च होतो, मक्याचा रवा मिळाला तर उत्तम. बिडाचा तवा रिकामाच 220 डिग्रीच्या ओव्हनमध्ये तापवायचा, त्यात बटर टाकलं की फेसाळून कडेने तपकिरी व्हायला लागतं, तेवढ्यात त्यातलं निम्मं मिश्रणात ओता, ढवळा, आणि मिश्रण लगेच तव्यात. चर्र असा आवाज आला पाहिजे. तो आवाज आला तरच खालून खरपूस पापुद्रा धरतो. वीस मिनिटांत होतो.

आता राजमा. आमच्या शेजारी एक रिटायर्ड शिक्षिका राहतात, मूळच्या न्यू ऑर्लिन्सच्या, त्यांच्याकडे सोमवारी रेड बीन्स अँड राइस असतोच. तिकडे सोमवार धुण्याचा दिवस, रविवारच्या हॅमचं हाड उरलेलं, मग सकाळी ते हाड आणि बीन्स पातेल्यात टाकून मंद आचेवर ठेवायचं आणि बायका दिवसभर कपडे धुणार. 1809 मध्ये हैतीच्या क्रांतीतून पळालेले, क्युबातून हाकललेले नऊ हजारांवर लोक न्यू ऑर्लिन्सला आले, गोरे, स्वतंत्र कृष्णवर्णीय आणि गुलाम असे सगळे, शहराची वस्ती जवळजवळ दुप्पट झाली, तिथल्या जेवणावर कॅरिबियन छाप आहे ती बरीचशी ह्यांची. जॅझचा ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग त्याच गावचा, तो पत्राखाली सही करताना "रेड बीन्स अँड राइसली युअर्स" लिहायचा, जगभर फिरूनही.

बाई कांदा, ढोबळी मिरची आणि सेलरी बारीक चिरून निवांत परततात, ह्या तिघांना तिकडे होली ट्रिनिटी म्हणतात, मग लसूण, तमालपत्र, थाइम, लाल तिखट. मी मांस खात नाही म्हणून त्यांनी माझ्यासाठी हॅमऐवजी स्मोक्ड पॅप्रिका घालून करून दाखवलं, दोन चमचे, आणि तेल जरा सढळ. राजमा रात्रभर भिजवून, पाणी बदलून, आधी खळखळून उकळायचा, कच्चा राजमा थेट स्लो कुकरमध्ये कधीही टाकू नका, त्यात लेक्टिन नावाचं विष असतं आणि ते मंद आचेवर मरत नाही. कुकरला लावणार असाल तर प्रश्नच नाही. मऊ झाला की बाई डावाची पाठ पातेल्याच्या भिंतीला लावून थोडे दाणे चिरडतात, एक फेरी मारतात, परत चिरडतात, घाई नाही, आणि बघता बघता पाणी जाऊन सायीसारखा दाट रस होतो. टोमॅटो नाही, गरम मसाला नाही, आणि कृपा करून आल्याची पेस्ट घालू नका, मग तो आपला राजमा होईल. साधा मोकळा भात, वर कांद्याची पात, बाजूला तिखट सॉसची बाटली.

उरला तर दुसऱ्या दिवशी फार घट्ट होतो, गरम करताना पाणी घाला आणि मीठ परत चाखून बघा.