स्वल्प बलक्क, स्वल्प बलक्क... साकु! (कन्नडमध्ये: थोडं उजवीकडं, थोडं उजवीकडं... बास!)

काकांच्या गावात नेट नाही हे आमच्याकडं दर गणपतीला निघणारं रडगाणं. यंदा चुलतबहिणीला घरून करायचं काम मिळालं तेव्हा म्हटलं आता बास, लिंक टाकायचीच, म्हणजे दोन टोकांना डिश लावून बिनतारी नेट न्यायचं. आमच्या बेळगावातल्या अनगोळच्या टेरेसवर फायबर आहे, काकांचं घर खानापूर तालुक्याच्या कडेला डोंगराला टेकून, नकाशावर सरळ रेघ मारली तर १४ किलोमीटर. घरातून काही दिसत नाही पण मागच्या काजूच्या टेकडीवर रात्री उभं राहिलं की शहराचे दिवे दिसतात.

आता दिवे दिसले म्हणजे झालं असं नाही हां. रेडिओच्या लाटा दोरीसारख्या जात नाहीत, मधे फुगतात, त्याला फ्रेनेल झोन म्हणतात, आणि ५.८ गिगाहर्ट्झला १४ किलोमीटरच्या मध्यावर त्याची त्रिज्या साडेतेरा मीटर भरते, त्यातला साठ टक्के तरी मोकळा पाहिजे, म्हणजे नजरेच्या रेघेखाली ८ मीटर आणि पृथ्वीच्या गोलाईचे वर ३ मीटर. मधे एक निलगिरीची बाग आडवी येत होती, म्हणून टेकडीवर ९ मीटरचा जीआय पाइप उभा केला, तीन बाजूंनी तारेचे ताण देऊन. हे सगळं आधी कागदावर केलं म्हणून बरं, नाहीतर पाइप दोनदा उभा करायला लागला असता.

सिग्नल किती यायला पाहिजे हेसुद्धा आधीच काढता येतं, आणि माझ्या मते हाच आकडा सगळ्यात महत्त्वाचा. २०१८ पासून आपल्याकडं ५ गिगाहर्ट्झचा बराचसा पट्टा विनापरवाना वापरता येतो (नेट विकायचं असेल तर लायसन वेगळं), पण पॉवरला मर्यादा आहे, ५.८ ला डिश धरून ३६ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप). हवेत १४ किलोमीटरला १३०-१३१ डीबी जातात (डीबी म्हणजे ताकद किती पट वाढली-घटली त्याचं माप), समोरची ३० डीबीआयची, म्हणजे सिग्नल ३० डीबीनं वाढवणारी डिश ३० परत देते, म्हणजे साधारण उणे ६५. हा आकडा मी पाइपवरच मार्करनं लिहून ठेवला.

आणि पहिल्या दिवशी आला उणे ८३. उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमजोर.

टेकडीवर मी, तिथं कॉलपुरती रेंज येते, आणि अनगोळच्या टेरेसवर आमच्या गल्लीतला केबलवाला, तो कन्नड बोलणारा, त्यामुळं फोनवर नुसतं "स्वल्प बलक्क री, स्वल्प एडक्क (डावीकडं)" चाललेलं. ८३ वर लिंक जोडली गेली, काका खालून ओरडले "आलं की रे!" आणि खरं सांगतो, ऊन एवढं होतं की मलाही वाटलं आलं, आता नट आवळावेत. पण पाइपवर ६५ लिहिलेलं. आणि दुसरी खूण म्हणजे दोन चेनमध्ये ९ डीबीचा फरक; रेडिओ आडव्या आणि उभ्या लाटा वेगवेगळ्या पकडतो, त्या ह्या दोन चेन. डिश नीट लागली असेल तर दोन्ही जवळपास सारख्या येतात.

झालं काय, तर मोबाईलच्या होकायंत्रावर दिशा धरली होती आणि ती पाइपला चिकटून बघितली. लोखंडाशेजारी होकायंत्र खोटं बोलतंय. ह्या डिशचा मुख्य झोत ५ अंशाचा, म्हणजे १४ किलोमीटरवर सव्वा किलोमीटर रुंद, वाटतं किती मोठा, पण मी सात-आठ अंश बाहेर होतो आणि आम्हाला मिळालेला सिग्नल बाजूच्या छोट्या झोताचा होता, साइड लोबचा. त्यातून बाहेर पडायला आधी सिग्नल पूर्ण जाऊ द्यायला लागतो. केबलवाल्याला म्हटलं तुम्ही डिशला हात लावू नका, मी एकटाच फिरवतो. फिरवत गेलो तसं ८३, ८८, मग लिंकच तुटली, काकांचं तोंड उतरलं, अजून थोडं, अजून थोडं, आणि एकदम ७४. ७०. ६६. तिथून परत खाली जायला लागला तेव्हा मागं आणून थांबलो. मग मी स्थिर आणि तो हलवणार असं केलं, वरखालीही बघितलं, शेवटी ६५ आणि चेनमध्ये १ चा फरक. पलीकडून आवाज आला, "साकु री, साकु!"

नट आवळताना घाई करू नका, एकच बाजू गच्च केली की डिश सरकते, आमचे ३ डीबी तिथं गेले होते, मग परत सैल करून दोन्ही बाजू थोड्या थोड्या आवळल्या. आणि सेटिंगमध्ये अंतर भरायला विसरू नका. रेडिओ पाकीट पाठवून पोचपावतीची वाट बघतो, १४ किलोमीटर जायला ४७ मायक्रोसेकंद, यायला तेवढेच, तेवढा थांबला नाही तर त्याला वाटतं पाकीट हरवलं आणि तो तेच परत पाठवत बसतो. व्हेनेझुएलात २००७ मध्ये ३८२ किलोमीटरची वायफाय लिंक चालवली होती, तिथंही ही वेळच वाढवायला लागली.

पावसात बंद पडणार असं गावात सगळे म्हणत होते. ५ गिगाहर्ट्झला नुसत्या पावसानं फारसं होत नाही, आपल्याकडच्या धो धो पावसातही १४ किलोमीटरला मोजकेच डीबी जातात. त्रास होतो तो भिजलेल्या पानांचा, कनेक्टरमध्ये शिरलेल्या पाण्याचा आणि वाऱ्याचा. जुलैत एकदा ७८ झालं तेव्हा मी पळत गेलो तर एक ताण सैल पडून पाइप जरासा वळला होता, बाकी काही नाही.

आता बहीण रोज सकाळी कॉलवर असते. ती निलगिरी मात्र वाढतेय, पुढच्या मिरगाच्या आधी तिथं जाऊन शेंडे बघून यायचंय, लागलं तर पाइपला अजून ३ मीटर जोडावे लागतील.