सर्व्हर सुरूच होईना : दूध बिलाच्या दिवशीची सकाळ

२१ मे २०१८, सोमवार. दूध बिलाचा दिवस. पहाटे पाच चाळीसला दूध संघाच्या संगणक विभागातल्या मुलाचा फोन आला. "सर, सर्व्हर सुरूच हुईना झालाय. रात्री वळवाच्या पावसात लाईट गेली, मागनं यूपीएस बी बसला. आता लाईट आलीय, पण नुसती पट्टी दिसतीया आणि तितंच थांबतंय. तीनदा बंद करून चालू केला बघा."

'तीनदा' ऐकलं आणि पोटात गोळा आला. म्हटलं, "आता जसा आहे तसा राहू दे. मी येईपर्यंत बटणाला हात लावायचा नाही."

मी कोल्हापुरात राहतो, संघाचं ऑफिस ३४ किलोमीटरवर. तिथला सर्व्हर मीच २०१३ साली बसवला होता, सेंटओएस ६ या लिनक्स प्रणालीवर. गावोगावच्या संस्थांकडून येणाऱ्या दुधाचे लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) त्यात नोंदवले जातात आणि दर दहा दिवसांनी त्यावरून बिलं निघतात. यादी अकराच्या आत बँकेत गेली तर त्याच दिवशी पैसे खात्यावर पडतात, नाहीतर दुसऱ्या दिवशी. मे महिना म्हणजे बियाणं, खत, पोरांच्या वह्या-पुस्तकांचे दिवस. एका दिवसानं काय होतं, हे ज्याच्या घरचा खर्च दोन म्हशींवर चालतो त्यालाच कळतं. गाडी चालवताना डोक्यात तेच होतं.

पोचलो तेव्हा सहा पन्नास झाले होते. स्क्रीनवर खालच्या बाजूला ती पट्टी, अर्ध्याच्या थोडी अलीकडे थबकलेली. मुलगा बाजूला उभा, चेहरा उतरलेला.

अशा वेळी मी पहिल्यांदा कीबोर्डवरचं कॅप्सलॉक दाबतो. दिवा लागला-विझला तर कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, जिवंत आहे. कर्नलच गोठलेला असेल तर तो दिवा दाद देत नाही. इथे दिवा लागला. मग कॅबिनेटच्या पुढचा हार्ड डिस्कचा दिवा पाहिला. तो एकसारखा लुकलुकत होता. म्हणजे यंत्र काहीतरी करत होतं, फक्त आम्हाला सांगत नव्हतं. एस्केप दाबलं. पट्टीचं चित्र गेलं, मागचा मजकूर पुढे आला आणि मी खुर्चीत बसलो.

डेटाच्या डिस्कची ४१२ दिवसांत तपासणी झालेली नाही, त्यामुळे ती सक्तीनं सुरू केली आहे, असा संदेश होता. त्याखाली एफएससीकेची, म्हणजे डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रॅमची, टक्केवारी: ३८.

ती डिस्क जुन्या ईएक्सटी३ फाईलसिस्टिमची, म्हणजे डिस्कवर फायली मांडण्याच्या जुन्या पद्धतीची, होती. ती मी हातानं तयार केली होती आणि तिच्यात १८० दिवसांची मुदत तशीच ठेवली होती. मुदत उलटली की पुढच्या वेळी सर्व्हर सुरू होताना पूर्ण तपासणी होते. पण सर्व्हर बंदच झाला नाही तर तपासणीची वेळच येत नाही. ४१२ दिवस एकदाही बंद न पडलेला सर्व्हर, याचा मला अभिमान वाटायचा. त्या रात्री सगळी थकलेली तपासणी एकदम पुढ्यात आली. एक टीबीची डिस्क आणि तिच्यात पाच वर्षांच्या लाखो बारीक फायली. एफएससीके पाच फेऱ्यांत काम करतं: आधी आयनोड (प्रत्येक फाईलची नोंद) आणि ब्लॉक (डिस्कवरच्या जागेचे तुकडे), मग डिरेक्टरींची रचना, त्यांची जोडणी, संदर्भांची मोजणी, आणि शेवटी गटांचा हिशेब. पहिली फेरी सगळ्यात लांबते. मध्येच वीज काढली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्यातून दुरुस्तीचं लिखाण चालू असताना काढली, तर असलेलं आणखी बिघडू शकतं.

मुलानं प्रत्येक वेळी दहा-पंधरा मिनिटं वाट पाहिली होती आणि मग बटण दाबलं होतं. त्याला दोष देण्यासारखं काही नव्हतं. ती पट्टी खरं काय चाललंय ते झाकून ठेवते, आणि पट्टी दाखवून मजकूर दडवणारे आरएचजीबी आणि क्वाएट हे दोन शब्द कर्नल सुरू करायच्या ओळीत राहू दिले होते मी. एस्केप दाबायचं असतं हेही त्याला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणजे मीच सांगितलं नव्हतं.

साडेसातला मॅनेजरसाहेब आले. "किती वेळ लागंल?" मी टक्केवारी दाखवली. ते काही न बोलता खुर्ची ओढून बसले. मामांनी चहा आणला. तो आकडा ६० च्या पुढे सरकेना तेव्हा मॅनेजरसाहेब म्हणाले, "परत चालू करून बघूया का एकदा?" त्यांचं दडपण मला समजत होतं, पण मी हात जोडले. आठ वाजून पाच मिनिटांनी तपासणी संपली. काही अनाथ आयनोड साफ झाले, मोठं नुकसान नव्हतं. पडद्यावर हिरव्या 'ओके'च्या ओळी धावायला लागल्या आणि मुलगा पहिल्यांदा हसला.

आणि ओळी पुन्हा थांबल्या.

या वेळची शेवटची ओळ होती 'माउंटिंग एनएफएस फाईलसिस्टिम्स', म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्राची डिस्क जोडणं. त्यापुढे 'ओके' नाही, 'फेल्ड' नाही, काहीच नाही. कॅप्सलॉकचा दिवा लागत होता, पण डिस्कचा दिवा शांत. मघाचा थांबा आणि हा थांबा यांतला फरक त्या एका दिव्यात होता. मघा यंत्र कामात होतं, आता ते कुणाची तरी वाट पाहत होतं. फाटक बंद असलं की एसटी थांबते, तेव्हा गाडी बिघडलेली नसते. ड्रायव्हरला जाब विचारून उपयोग नाही, फाटक कुठलं ते शोधायचं.

लॅपटॉप जोडून सर्व्हरला पिंग केलं, म्हणजे नेटवर्कवरून 'आहेस का' अशी हाक दिली, लगेच उत्तर आलं. एसएसएच करून, म्हणजे लॅपटॉपवरून लॉगिन करून, पाहिलं तर 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. हे दोन्ही एकत्र आलं की बरंच कळतं. 'टाईम्ड आऊट' आलं असतं तर नेटवर्कवर संशय घेतला असता. 'रिफ्यूज्ड' म्हणजे पलीकडे यंत्र जागं आहे, त्या पोर्टवर, म्हणजे एसएसएचच्या दारावर, ऐकायला मात्र अजून कुणी बसलेलं नाही. सेंटओएस ६ मध्ये सेवा एकामागून एक, क्रमांकानं सुरू होतात. नेटवर्क एस१०, एनएफएस जोडणारी नेटएफएस एस२५, एसएसएच चालवणारी एसएसएचडी एस५५, डेटाबेसची मायएसक्यूएल एस६४. पंचविसावर रांग अडली की मागचे सगळे उभेच. म्हणून पिंग लागत होतं आणि बाकी काहीच नव्हतं.

एनएफएसवर आम्ही एकच गोष्ट जोडत होतो: बॅकअपचं छोटं स्टोरेज यंत्र, पहिल्या मजल्यावर लेखा विभागाच्या कपाटाशेजारी. जिना चढून गेलो. त्याच्यावर एकही दिवा नव्हता. ॲडॉप्टर हातात घेतला तर जळका वास. रात्रीच्या विजेच्या येण्याजाण्यात तो गेला होता.

आता कारण कळलं होतं, पण सर्व्हर अजून तसाच, आणि साडेआठ व्हायला आले होते. पुन्हा बटण दाबून वीज काढायची माझी तयारी नव्हती. एका जुन्या प्रसंगानंतर मी कर्नलला कीबोर्डवरून थेट हुकूम देण्याची सिसआरक्यू सोय चालू करून ठेवली होती, ती उपयोगी पडली. ऑल्ट आणि प्रिंटस्क्रीन दाबून ठेवून क्रमानं एस, यू, बी. एस म्हणजे मेमरीतलं राहिलेलं डिस्कवर उतरव, यू म्हणजे फाईलसिस्टिम फक्त वाचण्यापुरत्या कर, बी म्हणजे पुन्हा सुरू हो. दोन अक्षरांच्या मध्ये थोडं थांबायचं, घाई करायची नाही.

ग्रबचा, म्हणजे कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचा, मेनू दिसताच कळ दाबून तो थांबवला, ई दाबून कर्नलची ओळ उघडली, आरएचजीबी आणि क्वाएट काढले, शेवटी 'सिंगल' लिहिलं आणि बी दाबून सुरू केलं. सिंगल युजर मोडमध्ये नेटवर्कच्या सेवा सुरू होत नाहीत, त्यामुळे पंचविसाव्या फाटकाचा प्रश्नच येत नाही. तपासणी मघाच पूर्ण झाल्यानं डिस्कनंही अडवलं नाही. मिनिटभरात रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या वापरकर्त्याचा, प्रॉम्प्ट आला. व्हीआय या एडिटरमध्ये एफस्टॅब, म्हणजे कुठली डिस्क कुठे जोडायची त्याची यादी, उघडली.

बॅकअपच्या ओळीत पर्याय होते 'हार्ड' (उत्तर येईपर्यंत थांबून राहा) आणि 'रिट्राय=१००००' (जोडणीचा प्रयत्न किती वेळ करायचा).

ती ओळ माझीच, २०१४ सालची. तेव्हा वीज आल्यावर दोन्ही यंत्रं एकदम सुरू व्हायची आणि स्टोरेज मागे राहायचं. एनएफएस माउंट, म्हणजे ही जोडणी, साधारणपणे दोन मिनिटं प्रयत्न करून सोडून देतं. त्यामुळे जोडणी व्हायची नाही, बॅकअप रिकाम्या डिरेक्टरीत म्हणजे सर्व्हरच्याच डिस्कवर पडायचा, आणि तीन रात्रींत सर्व्हरची मुख्य डिस्क भरली होती. त्यावर मी 'रिट्राय=१००००' हा उपाय केला. तो आकडा मिनिटांचा असतो. पार्श्वभूमीत चालणाऱ्या जोडणीला, म्हणजे 'बीजी' लिहिलं असेल तर, तेवढीच मुदत आपोआप मिळते. एका आठवड्याला ८० मिनिटं कमी. मी आकडा घेतला आणि 'बीजी' लिहायचं राहिलं. चार वर्षं ते कळलं नाही, कारण चार वर्षांत दर वेळी स्टोरेज चालू होतं. आठ वाजून सहा मिनिटांना अडकलेला तो सर्व्हर आम्ही तसाच सोडला असता तर पुढच्या सोमवारी पावणेसातपर्यंत शांतपणे वाट पाहत राहिला असता.

ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह टाकलं, फाईल जतन केली, रीबूट. आठ एकेचाळीसला लॉगिनची ओळ आली. मायएसक्यूएलनं आपल्या लॉगवरून अर्धवट राहिलेले व्यवहार निस्तरले. रात्रीच्या संकलनाच्या छापील पावत्या घेऊन मुलानं आणि मी एकेका संस्थेचे आकडे ताडून पाहिले. शेवटच्या दोन नोंदी नव्हत्या, त्या हातानं भरल्या. दहा पस्तीसला यादी बँकेत गेली. मॅनेजरसाहेबांनी खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेले.

मी थांबलो. एफस्टॅबमध्ये त्या ओळीला 'नोऑटो' लावलं, म्हणजे सुरू होताना तिला कुणी हातच लावणार नाही. जोडणी आता रात्रीची बॅकअपची स्क्रिप्टच करते, एक मिनिट प्रयत्न करून. माउंटपॉइंट, म्हणजे स्टोरेज जोडायची जागा, खरोखर जोडलं गेलंय का ते तपासते, आणि नसेल तर काहीही न लिहिता निरोप पाठवून थांबते. 'हार्ड' तसंच ठेवलं. 'सॉफ्ट' केलं तर लिहिता लिहिता अर्धवट सोडण्याचा धोका असतो आणि अर्धवट बॅकअप मला नको होता. आरएचजीबी आणि क्वाएट ग्रबमधून कायमचे काढले.

संध्याकाळचं संकलन संपल्यावर, साडेनऊला, स्टोरेज बंदच ठेवून सर्व्हर मुद्दाम पुन्हा सुरू केला. पंचविसाव्या क्रमांकावरून ओळी न थबकता पुढे गेल्या. त्या वेळी कीबोर्डपुढे मुलगा बसला होता, मी मागे उभा. प्रत्येक ओळ तो मोठ्यानं वाचत होता आणि मी ती कशाची ते सांगत होतो. दोन दिवे कसे पाहायचे, एस्केप कधी दाबायचं, पिंग आणि एसएसएचचं उत्तर कसं वाचायचं, हे त्यानं वहीत लिहून घेतलं.

१८० दिवसांची मुदत मात्र मी काढली नाही. दिवाळीनंतर, २५ नोव्हेंबरच्या रविवारी, सकाळ-संध्याकाळच्या संकलनाच्या मधल्या वेळात तपासणी उरकायचं ठरवलं. मी जायला निघालो होतो, तेवढ्यात त्याचा फोन आला.

"सर, मी रीबूट मारलाय. एफएससीके लागलंय, एकेचाळीस टक्के. दिवा लुकलुकतोय. तुम्ही येऊ नका, झालं की सांगतो."