आधी छप्पर, मग प्लॅन

गोव्यात घर आखताना मी खोल्यांची मांडणी शेवटी करतो. पहिला कागद छेदाचा, म्हणजे घर उभं कापलं तर दिसेल त्या चित्राचा: जोतं, भिंत, आढं, वळचण. वर्षाला सुमारे 3000 मिमी पाऊस, बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये आणि नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर तिरका येणारा. इथे छप्पर फसलं की घर फसलं.

मंगळुरी कौलांना मी 30 अंशांचा उतार देतो. 25च्या खाली गेलात तर वारा पाणी सांध्यांतून वर ढकलतो, आणि आत ओलीचा ठिपका पडतो तिथे गळतीचं मूळ बहुधा नसतंच. रिपांमधलं, म्हणजे कौलं ज्यांवर टेकतात त्या आडव्या पट्ट्यांमधलं, अंतर साधारण 320 मिमी. पण कारखाना बदलला की कौलाचं माप थोडं बदलतं, म्हणून दहा-बारा कौलं एकात एक अडकवून जमिनीवर मांडायची, मोजायची, मगच सुताराने रिपा ठोकायच्या.

वळचण किती काढायची? पाऊस 45 अंशांत आला तर 900 मिमीची वळचण भिंतीचा वरचा 900 मिमीच राखते. तीन मीटरच्या भिंतीचा बाकीचा भाग भिजणारच. म्हणून नैर्ऋत्येला पडवी हवी. दुपारचं ऊनही त्याच बाजूने येतं. जागा वाचवायला पडवी काढून टाका म्हणणाऱ्या घरमालकाशी मी यावर मनापासून भांडतो.

खाणीतून नुकता आलेला चिरा, म्हणजे भिंतीचा जांभा दगड, ओला, मऊ असतो. उघड्यावर सुकला की टणक होतो. पांढुरक्या मातीने भरलेली मोठी भोकं दिसली आणि ती माती बोटाने सुटली, तर तो चिरा परत पाठवावा. वर सिमेंटचा घट्ट गिलावा नको. जमिनीतून चढलेली ओल आत कोंडते आणि जोत्याच्या वर फूट-दोन फुटांत रंगाचे पापुद्रे सुटू लागतात. चुन्याचा गिलावा ओल बाहेर पडू देतो.

राजांगण, म्हणजे घराच्या मधोमधचा उघडा चौक, मला फार आवडतं, पण त्याचा हिशोब आधी करावा लागतो. 100 चौरस मीटर छप्पर त्यात उतरत असेल आणि तासाभरात 100 मिमी पाऊस झाला, तर 10,000 लिटर पाणी त्या चौकात येतं. एकच पाइप ठेवला आणि त्यावर फणसाचं पान बसलं, की पाणी थेट घरात. म्हणून 150 मिमीच्या दोन स्वतंत्र वाटा, चौकाची फरशी खोल्यांपेक्षा 150 मिमी खाली, आणि जाळी अशी की मे महिन्यात घरच्या कुणालाही हाताने उचलून साफ करता यावी.