परदेशी सेवेला निघताना: सामानाच्या यादीत नसलेलं

गेल्या महिन्यात परदेशातली दोन वर्षांची मिशनरी सेवा आटोपून परतलो. निघायच्या तयारीत असलेले दोघंतिघं सारखे विचारतात, "काय काय न्यायचं?" ती यादी संस्था देतेच. माझं अडलं ते दुसरीकडेच, म्हणून हे लिहितोय.

इथल्या आमच्या चर्चमध्ये मी उपदेश करायचो, तरुणांच्या सभा घ्यायचो. तिथे पहिले सात महिने माझं काम एकच: उपासनेआधी खुर्च्या मांडायच्या, नंतर उचलून ठेवायच्या. भाषाच येत नव्हती. एका रविवारी मला मोठ्याने प्रार्थना करायला सांगितलं. घोकून नेलेल्या चार वाक्यांपैकी तिसऱ्यालाच अडकलो. शेजारच्या आजींनी, लहान पोराला सांगावा तसा, हळूच शब्द पुरवला. सगळे प्रेमानेच हसले. खोलीवर येऊन मी रडलो. बोलणं गेलं की आपण कोण, याचं उत्तरच मला सापडेना.

त्यात दर महिन्याचा अहवाल. 'नवीन संपर्क' या रकान्यात सलग पाच महिने शून्य. इंग्रज मिशनरी विल्यम केरी १७९३ साली बंगालमध्ये आले आणि त्यांच्या कामातला तिथला पहिला बाप्तिस्मा १८०० च्या डिसेंबरात झाला, हे मला पाठ होतं. पण अशा गोष्टींनी धीर येईना, कारण त्यातही मी आकड्याचीच वाट बघत होतो. धीर आला तो लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातून. पाठवलेले शिष्य आनंदाने परत येतात, भुतंसुद्धा आम्हाला वश होतात म्हणतात; आणि येशू सांगतो, त्याचा नको, तुमची नावं स्वर्गात लिहिलेली आहेत याचा आनंद माना. म्हणजे काम फत्ते झालेल्यांनाच त्याने अडवलं! यार्देन नदीवर बाप्तिस्म्याच्या वेळी 'तू माझा प्रिय पुत्र' ही देवाची वाणी झाली तेव्हा तर येशूने एक प्रवचनही केलं नव्हतं. मग त्या खुर्च्या मी जरा निवांत मांडू लागलो.

दुसऱ्या वर्षी उलटा धोका. भाषा थोडी जमली तशी 'परदेशाहून आलेले' म्हणून पुढे बसवू लागले आणि ते मला आवडूही लागलं. अशा वेळी पवित्र शास्त्रातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा चौदावा अध्याय वाचावा. लुस्त्र गावातल्या लोकांनी प्रेषित पौलाला ग्रीकांचा हर्मीस देव ठरवून त्याच्यापुढे यज्ञ मांडला, आणि पुढे त्याच गावात त्याच्यावर दगड पडले.

बदलायचं किती, हा प्रश्न रोज येतो. पौलाने आपला सोबती तीमथ्य याची सुंता करवली, दुसरा सोबती तीत याच्या सुंतेचा आग्रह झाला तेव्हा मात्र तो हटला नाही. मला त्यातून कळलं ते असं: लोकांना जवळ जाता यावं म्हणून सोडायला सांगितलं तर सोडा, त्याशिवाय देव स्वीकारणार नाही असं कोणी म्हटलं तर थांबा. माझं नाव तिथल्या लोकांना उच्चारता येईना, त्यांनी दुसरं ठेवलं. बाबेलात कैद करून नेलेल्या दानीएलाचंही बदललं होतं. त्याने तिथल्या खास्दी लोकांची भाषा आणि विद्याही शिकून घेतली, पण दिवसातून तीनदा गुडघे टेकणं सोडलं नाही.

आता कामाचं. व्हिसा कशासाठी मिळालाय ते नीट वाचा आणि विचारल्यावर सांगाल तेच काम खरोखर करा. पौल तंबू शिवतो म्हणून मिरवत नव्हता, खरंच शिवत होता. कागदावर एक आणि खरी एक अशा दोन ओळखी सांभाळणारा माणूस आतून पोखरला जातो, हे मी जवळून पाहिलंय. मराठी पवित्र शास्त्र छापील न्या. थकल्यावर परकी भाषा डोक्यात शिरत नाही. अहवाल ज्याला जात नाही असा एक माणूस मागे ठेवा, ज्याला 'आज प्रार्थनाही झाली नाही' असं सांगता येईल. हे मी वर्षभर उशिरा केलं. आठवड्याची सुटी मोडू नका. परतल्यावर सगळे विचारतील, "काय काय केलंस?" त्यासाठी एका मिनिटाचं उत्तर तयार ठेवा आणि मोठं उत्तर ऐकणारा एखादा आधीच शोधून ठेवा.

आणि भाषेचा वर्ग चुकवू नका. त्या आजी अजून व्हॉइस नोट पाठवून माझे उच्चार सुधारतात.