रंग नसलेली चित्रं

आज जळगावातल्या एका छोट्या कलादालनात नुसत्या ड्रॉइंगचं प्रदर्शन पाहिलं. चारकोल, शाई, पेन्सिल, बस्स. शेजारच्या आजोबांनी चित्रकार मुलीला विचारलंच, "बेटा, रंग भरानं राही गयं का?" ती हसली, "नही बाबा, इतलंच शे."

मला अडवलं ते पऱ्हाटीच्या शेताने. काळा चारकोल बोटाने घासून केलेली माती, उभ्या काड्या आणि कापूस? तो काढलेलाच नाही! तिथे कागद कोरा सोडलाय. काय नजर आहे! काही अमूर्त कामं मात्र चित्रकार नसरीन मोहमदींच्या (१९३७–१९९०) बारीक, शिस्तीतल्या रेषांची नक्कल वाटली. ट्यूबलाइट काचेवर चमकत होती, ते वेगळंच.

पाहुणे आले की आपण त्यांना अजिंठ्याला नेतो. तिथेही रंगाआधी गेरूची रेषाच आली होती. पण गावातल्या दालनात कोण जातं? चाळीसगावचं छायाचित्रकार केकी मूस यांचं कलादालन तरी आपल्यापैकी किती जणांनी पाहिलंय?

प्रदर्शन रविवारपर्यंत आहे, प्रवेश फुकट. पोरांना न्या, सोबत वही-पेन्सिल द्या. तिथे बसून काढू देतात, मी विचारून घेतलंय.