१९९७ची ओम्नी, कार्बोरेटर मॉडेल: इंजिनाचं काम कुठवर आलं

गाडी पाच सीटांची. मधली काही वर्षं एलपीजी किटवर चाललेली. किट आता काढलं आहे. तक्रारी तीन: आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) मिसिंग, म्हणजे मधूनच एखादा सिलिंडर पेटत नाही, चढावर दम नाही आणि उन्हात ट्रॅफिकमध्ये अडकली की बंद पडते, मग अर्धा तास स्टार्ट होत नाही. अशी लक्षणं ऐकली की पहिला पाना कार्बोरेटरला लागतो. इथे तो मुद्दाम शेवटी लावला. ओम्नीवर काम करणाऱ्या प्रत्येकाने हाच क्रम धरावा, असं ठाम मत आहे.

कारण गाडीच्या मांडणीत आहे. सुझुकी कॅरीवर बेतलेली ही गाडी १९८४ साली 'मारुती व्हॅन' म्हणून आली, १९८८मध्ये तिला ओम्नी नाव मिळालं आणि २०१९मध्ये उत्पादन थांबेपर्यंत मूळ आराखडा तोच राहिला. इंजिन पुढच्या सीटांखाली, तिथून शाफ्ट मागच्या चाकांना. म्हणून तर १८४० मिमी व्हीलबेसमध्ये अख्खं कुटुंब सामानासकट मावतं. पण बॉनेटच्या गाडीत इंजिनाला समोरून जो वारा लागतो, तो इथे थेट मिळत नाही. एक्झॉस्टची उष्णता झाकणाखालच्या पेटीत कोंडते आणि रबर, डायफ्राम, वायरचं इन्सुलेशन सगळं आधी कडक होतं, मग तडकतं. एफ८बी इंजिन तसं चिवट: तीन सिलिंडर, ७९६ सीसी, बोअर ६८.५ आणि स्ट्रोक ७२ मिमी, एकच ओव्हरहेड कॅम, सहा व्हॉल्व्ह. बिघडतं ते बहुधा त्याच्या भोवतालचं.

सुरुवात कॉम्प्रेशनपासून, म्हणजे सिलिंडर हवा किती दाबतो ते मोजण्यापासून. इंजिन गरम करून तिन्ही प्लग बाहेर, कॉइलची वायर काढलेली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. अर्धवट दाबला तर हवा कमी जाते आणि रीडिंग खोटं येतं. पहिल्या सिलिंडरला ११.५, दुसऱ्याला ११.२, तिसऱ्याला ९ किलो (प्रति चौ. सेमी). सिलिंडरांमधला फरक १ किलोच्या आत हवा, म्हणजे दोष तिसऱ्यात. त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं, काटा ९च्या वर सरकला नाही. ऑइल टाकून कॉम्प्रेशन वाढलं असतं तर पिस्टनच्या रिंगांवर संशय गेला असता. वाढलं नाही म्हणून व्हॉल्व्हवर.

टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारा भाग) कव्हर उघडल्यावर तिसऱ्याच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हला फिलर गेजचं, म्हणजे फट मोजायच्या पात्यांपैकी, सर्वांत पातळ पातंही शिरेना. गॅसवर चाललेल्या जुन्या इंजिनात हे नेहमी पाहावं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ज्या कड्यावर टेकतो ती सीट झिजते, व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो आणि टॅपेटचा गॅप हळूहळू मिटतो. व्हॉल्व्ह नीट टेकत नाही, तिथून गरम वायू निसटतो आणि कड जळायला लागते. सगळ्यांत फसवं म्हणजे आवाज येत नाही. सैल टॅपेट टकटक करून सांगतं, आवळलेलं गप्प राहून व्हॉल्व्ह जाळतं.

ॲडजस्टमेंट सोपी, फक्त क्रम चुकवायचा नाही. फायरिंग ऑर्डर १-३-२. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टॉपला आणून त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह, मग क्रँक २४० अंश पुढे नेऊन तिसऱ्याचे, आणखी २४० अंशांवर दुसऱ्याचे. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून ठेवलं तर रोटर कुठल्या वायरकडे बघतो त्यावरून खात्री होते. तो दर वेळी १२० अंश फिरतो. मॅन्युअलमध्ये थंड आणि गरम इंजिनाचे आकडे वेगळे दिलेत, त्यांची सरमिसळ करू नये. लॉकनट आवळताना स्क्रूही थोडा फिरतो, म्हणून आवळल्यावर गेज पुन्हा घालून बघायचं. पातं किंचित अडत सरकलं पाहिजे. नंतर तिसऱ्याचं कॉम्प्रेशन १०.९ आलं, हेड खोलावं लागलं नाही. सीट झिजलेलीच आहे, तेव्हा ५,००० किमीवर गॅप पुन्हा मोजायचा. पुन्हा मिटला तर हेडचं काम टळणार नाही.

टायमिंग बेल्ट (क्रँकवरून कॅम फिरवणारा) बदलला. जुना किती चालला याची नोंद नसेल तर तो संपला असंच धरावं. टेन्शनर स्प्रिंगवर ताणू दिला, क्रँक दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा जुळल्याची खात्री केली आणि मगच बोल्ट आवळला.

आता चढावरचा दम. व्हॅक्यूम ॲडव्हान्सचा (इंजिनाच्या व्हॅक्यूमवर ठिणगी आधी पाडणारा) डायफ्राम तोंडाने ओढून पाहिला, फाटलेला निघाला. तो बदलला तरी चढावर फरक पडणार नव्हता, कारण ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की व्हॅक्यूम जवळजवळ उरतच नाही. तिथे ॲडव्हान्स देतात ती डिस्ट्रिब्युटरच्या आतली वजनं. टायमिंग लाइट धरून इंजिन ३,००० आरपीएमपर्यंत नेलं, खूण जागची हलेना. प्लेट उचलल्यावर दिसलं: वजनांच्या पिनांवर गंज आणि वाळून डांबर झालेलं ग्रीस, एक स्प्रिंग सुटलेली. रॉकेलने धुऊन, पिना बारीक पॉलिश पेपरने घासून, ऑइलचा एकेक थेंब दिला. जास्त ऑइल नको, ते पॉइंटवर, म्हणजे कॉइलचा प्रवाह तोडणाऱ्या संपर्कांवर, उडतं. पॉइंटचा गॅप ०.४५ मिमी, प्लगचा ०.८. पॉइंट बसवल्यावर टायमिंग पुन्हा लावायचंच, कारण गॅप बदलला की टायमिंग सरकतं.

तिसरी तक्रार गरम झाल्यावर बंद पडण्याची. गाडी बंद पडताच आधी स्पार्क तपासला. तो चांगला होता, म्हणजे कॉइल-कंडेन्सरचा दोष नाही. इंजिनाच्या पेट्रोल पंपाकडून टाकीकडे परत जाणारी रिटर्नची रबरी नळी मात्र एका वळणावर दुमडून चिकटली होती. रिटर्न चालू असला की पेट्रोल फिरतं राहतं, थंड राहतं आणि वाफ टाकीकडे निघून जाते. तो तुंबला की गरम नळीत वाफ अडकते आणि पंप नुसती वाफच ढकलत बसतो.

त्या निमित्ताने पेट्रोलच्या सगळ्या नळ्या बदलल्या. पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये जुनं रबर फुगतं आणि मऊ पडतं. इथेनॉलला चालणारी नळीच घ्यावी आणि क्लिप स्क्रूच्या लावाव्यात. या गाडीत गळती सीटखाली, गरम एक्झॉस्टजवळ होते. इथे पैसे वाचवायला जागा नाही. टाकीत पाणी आणि गंज मिळाला तर फिल्टर आधी बदलून ५०० किमीनंतर पुन्हा बदलावा.

शेवटी कार्बोरेटर, आणि त्यात फारसं काही निघालं नाही. जेट तारेने टोचायचे नाहीत, भोक मोठं होतं. क्लीनर आणि हवा पुरे. मिक्श्चर स्क्रू काढण्यापूर्वी तो आत टेकेपर्यंत किती फेरे जातो ते मोजून लिहून ठेवायचं. ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम कडक झाला होता, तो बदलला. आयडल सोलेनॉइड (आयडलचं पेट्रोल चालू-बंद करणारी विजेवरची झडप) चावी फिरवताच 'टक' वाजलं पाहिजे. त्याची वायर सुटली तर आयडलला गाडी थांबतेच आणि दोष जेटवर ढकलला जातो. कार्बोरेटरच्या बुडाचं पॅकिंग नवीन. आयडल ९०० आरपीएमवर स्थिर आहे. पीयूसीला कार्बन मोनॉक्साइड १.६ टक्के आला. या काळातल्या गाड्यांना मर्यादा ३ टक्के आहे.

सीटखालच्या झाकणाचं रबर सील सपाट झालेलं होतं, तेही बदललं. धुराचा वास आत येतो तो इथूनच, त्यामुळे सील हा सजावटीचा भाग समजू नये.

पुढच्या टप्प्यात मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) रबरी बुश. ते घालताना नट हातानेच लावून, गाडी चाकांवर उतरवून मगच आवळायचे. जॅकवर आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. डाव्या सरकत्या दाराचा मधला रोलर झिजून दार मागून ४ मिमी खाली आलं आहे, म्हणून कुलूप ठोकून लागतं. लॉकची पट्टी खाली सरकवायचा मोह टाळून आधी रोलर बदलायचा. रुळातलं मातीमिश्रित जुनं ग्रीस खरवडून काढलं आहे, रोलर यायचा आहे.